सुनेच्या बाजूनं

त्या वर्षी जून, म्हणजे त्या मुलखातला ऐन थंडीचा महिना, निम्मा सरला तरी वायरापाता गावच्या माळावर कडाका पडेना. बटाटे पसरून आठ दिवस झाले होते. रोज दिवस कलला की डोंगराआडून ढग यायचे आणि माळावर वाकळ टाकल्यासारखे बसून राहायचे. सकाळी बटाटे होते तसेच, वरून नुसते घामेजलेले. चुन्यो करायचा तर बटाटा दोन-तीन रात्री दगडासारखा गोठावा लागतो. उन्हाने सुटला की पायांनी तुडवून त्याचं पाणी काढायचं आणि वाळवायचं. मग तो वर्षानुवर्षं टिकतो. थंडीने दगा दिला की जागच्या जागी सडतो. गावाचं वर्षाचं पोट त्या माळावर उघडं पडलं होतं.

नाझारिया उजाडताच माळावर जाऊन आली. दोन-चार बटाटे अंगठ्याने दाबून पाहिले. एकातून आंबूस वास आला, तो तिने लांब फेकला. घरी येऊन तिने टायरच्या चपलांचे पट्टे आवळले, उकडलेला मका फडक्यात बांधला आणि डोक्यावर टोपी घातली.

चुलीपाशी तिचा नवरा सेलेदोनियो पाठीला लोकरीचा पट्टा बांधून बसला होता. खाणीतल्या कामाने त्याची पाठ गेली, त्याला सात वर्षं झाली होती. बसल्या जागी बोलणं तेवढं शाबूत होतं.

"आज पण जायचं?"

"शनिवार आहे."

"मग थंडीलाही सांगून ये. म्हणावं, सोमवारी ये, आमच्या बाई शिकायला गेल्यात."

दार लोटून नाझारिया उतरणीला लागली.

हे शिकणं तिने मागून घेतलेलं नव्हतं. एप्रिलच्या गावसभेत अध्यक्ष तोरिबिओने तालुक्याहून आलेला कागद वाचला होता. दर वाडीने एक बाई पाठवायची. घरात बाईला मारहाण होते, छळ होतो, तो ओळखायचा कसा, तिच्या पाठीशी उभं राहायचं कसं, ते सहा शनिवार शिकवणार. गडीमाणसं हसली. बायका हातातल्या चातीकडे बघत सूत काततच राहिल्या. कुणाच्या पाठीवर तान्हं, कुणाची गुरं. मग कुणीतरी म्हणालं, "नाझारियाला पाठवा. लेकरं मोठी झालीत, पाय धड आहेत." तिला कुणी विचारलं नाही. वहीत नाव चढलं, तिने अंगठा उठवला. मागून एकजण म्हणाला, "आता बायकोवर ओरडायचं तरी कैवारणीची परवानगी लागणार." तेव्हापासून गावात तिचं नाव कैवारीण पडलं. पाणवठ्यावर बाया हाक मारायच्या, "काय कैवारणी, आज कुणाला सोडवलंस?"

तालुक्याच्या गावापर्यंत अडीच तासांची उतरण होती. देवळामागच्या खोलीत अकरा वाड्यांच्या अकरा बाया भिंतीला टेकून बसायच्या. शिकवणाऱ्या ग्लिसेरियाबाई वरच्याच एका वाडीत वाढलेल्या, पुढचे दोन दात चांदीचे, बोलणं आपल्यातलं. लिहिता-वाचता येणाऱ्या चौघीच होत्या, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी पेन्सिली बाजूला ठेवून मक्याचे दाणे वाटले होते.

त्या शनिवारी त्यांनी प्रत्येकीपुढे खाकी कागद पसरला. "घर काढा. घरातली माणसं काढा. मी विचारीन ते ज्याच्या हातात असेल त्याच्यावर दाणा ठेवायचा. दाराची किल्ली. बाजाराला कोण जातं. माहेरी जायचं तर कुणाला विचारायचं. बाईचं ओळखपत्र कुणाजवळ आहे."

नाझारियाने आपलं घर काढलं. नवऱ्याला बसलेला काढला, तर शेजारची हसली. दाणे बरेचसे तिच्याच चित्रावर पडले.

"आता दुसरं घर काढा," ग्लिसेरियाबाई म्हणाल्या. "ओळखीतलं. कुणाचं ते सांगायचं नाही."

तिच्या मनात दुसरं घर आलं नाही. तिने मुलाचं, वेनान्सिओचं घर काढलं. तिच्या अंगणातून दगड मारला तर पोचेल एवढं जवळ. वेनान्सिओ, त्याची बायको एर्मिंदा, त्यांची दीड वर्षाची नेली. किल्लीचा दाणा वेनान्सिओवर पडला. बाजाराचा त्याच्यावर. माहेरचा त्याच्यावर. मग एक दाणा हातातच राहिला.

ग्लिसेरियाबाई वाकून बघत होत्या. "हा कसला?"

"ओळखपत्राचा. ते त्या घरात नाहीये."

"मग कुठंय?"

"सासूच्या पेटीत."

दोघीतिघी हसल्या. "म्हातारी हुशार आहे," एकजण म्हणाली. ग्लिसेरियाबाई हसल्या नाहीत. "कार्डाशिवाय तिला दवाखान्यात नाव घालता येत नाही, कचेरीत तक्रार देता येत नाही, दूरच्या गाडीचं तिकीट मिळत नाही. तो दाणा सासूवर ठेवा, बाई."

सासू कागदावर नव्हती. नाझारियाने कडेला एक टोपी काढली, टोपीखाली घागरा काढला आणि दाणा त्यावर ठेवला. मार्चमध्ये वेनान्सिओ ते कार्ड घेऊन आला होता. "आई, तुझ्याजवळ राहू दे, ती वेंधळी आहे, हरवते." तिने शालीखाली ठेवून दिलं होतं. लेकाने विश्वासाने दिलं म्हणून तिला तेव्हा बरंही वाटलं होतं.

जेवणानंतर सोंग वठवायचं होतं. एका बाईने मार खाल्लेली व्हायचं, दुसरीने कैवारीण. नाझारियाची पाळी आली. समोरची डोळ्याला फडकं लावून रडत आली. नाझारिया म्हणाली, "काय केलंस तू?"

"थांबा," ग्लिसेरियाबाई म्हणाल्या. "हे पहिलं विचारायचं नाही. दुसरं नाही, तिसरंही नाही. तिनं काय केलं ते विचारलं की मार कुणामुळे पडला ते तुम्ही ठरवून टाकलंत."

"मग काय विचारू?"

"विचारायचं, आज घरी जायला भीती वाटते का. मग गप बसायचं. ती बोलेस्तोवर गप बसणं हे अर्धं काम आहे. आणि तिनं हो म्हटल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, कुठं न्यायचंही नाही."

नाझारियाला मागचा पेरणीचा महिना आठवला. एर्मिंदा सुजलेला ओठ घेऊन तिच्या चुलीपाशी येऊन बसली होती. नाझारियाने तेव्हाही "काय केलंस तू?" असंच विचारलं होतं. मग ओठाला चरबी लावली, आणि म्हणाली होती, "दमून येतो तो. त्या वेळी समोर उभं राहायचं नाही." आणि सून उठून घरी गेली होती. कुठल्या पावलांनी गेली ते नाझारियाने पाहिलंही नव्हतं.

चढण चढताना तिचे गुडघे बोलायला लागले. वाटेत दोनदा ती दगडावर बसली.

त्याच रात्री आकाश निवळलं. सोमवारी सकाळपर्यंत सगळा माळ पांढरा झाला होता, बटाट्यावर बटाटा आपटला की टणटण वाजत होता. ऊन वर आल्यावर सगळं गाव अनवाणी माळावर उतरलं. सेलेदोनियोही काठी टेकत येऊन कडेला बसला.

तुडवायला लागलं की पहिल्यांदा तळपाय जळतात, मग बधिर होतात, मग आपले उरतच नाहीत. टाचेखाली बटाटा फुटतो, साल सुटतं, गार पाणी बोटांतून वर येतं. बायकांनी घागरे गुडघ्यापर्यंत खोचले होते. वेनान्सिओ सगळ्यांत पुढे होता. तो कामाला वाघ होता आणि तोंडाने गोड. म्हाताऱ्यांच्या वाट्याचे बटाटेही जाऊन तुडवून द्यायचा.

"आई, तू बस. कैवारणीनं पाय ओले करायचे नसतात," तो हसत म्हणाला. मग बायकोकडे वळला. "आणि या राणीसाहेब. बघा कशा नाचतायत, एका पायावर."

भोवतालचे हसले. एर्मिंदाही हसली. नाझारियाने पाहिलं. सून डावा पाय नुसता टेकवत होती, भार सगळा उजव्यावर. पाठीवरच्या झोळीत नेली झोपली होती.

वेनान्सिओ पोती आणायला गेला, तशी नाझारिया तुडवत तुडवत तिच्या बाजूला सरकली. दोघी शेजारी शेजारी पाय उचलत राहिल्या.

"पायाला काय झालं?"

"सरपण आणताना पडले, आत्याबाई."

नाझारियाने आणखी दहा-वीस पावलं टाकली. शनिवारी त्या खोलीत पुढचे शब्द सोपे वाटले होते.

"आज घरी जायला भीती वाटते का तुला?"

एर्मिंदाचे पाय थांबले. तिने सासूकडे पाहिलं नाही, माळाच्या टोकाकडे पाहिलं. नाझारिया गप राहिली. कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. पाण्याने पांढरी पडलेली सालं दोघींच्या बोटांना चिकटली होती.

"आज नाही," सून म्हणाली. "आज तो दमेल."

आणि पुन्हा तुडवायला लागली.

थोड्या वेळाने नाझारिया म्हणाली, "तुझं कार्ड माझ्या पेटीत आहे."

"माहितीये."

"त्यानं सांगितलं?"

"हो. म्हणाला, तुम्हीच मागून घेतलंत. माझा भरवसा वाटत नाही म्हणून."

नाझारियाला खाली बसावंसं वाटलं. बसायला कोरडी जागा नव्हती.

"मी मागितलं नव्हतं. घरी आलीस की घेऊन जा."

"माझ्याजवळ सापडलं तर? तिथंच राहू द्या," एर्मिंदा म्हणाली. "पण कुठंय ते मला दाखवून ठेवा."

संध्याकाळी सेलेदोनियोच्या पाठीला गरम राख भरलेली पिशवी लावताना नाझारिया बोलली. सुनेचं नाव तिने घेतलं नाही, कुणाला सांगायचं नाही ते तिला पाठ होतं. नुसतं म्हणाली, "वेनान्सिओचा हात चालतो."

"कुणाचा चालत नाही? तरुण आहे. थंड होईल." तो कुशीवर वळला. "मी नाही का सुधारलो?"

"तुम्ही सुधारला नाहीत. तुमची पाठ मोडली."

सेलेदोनियो म्हणाला, "हे शिकवतात होय तिथं." त्या रात्रीनंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. जेवण पुढे आलं की जेवायचा.

बुधवारी दुसऱ्यांदा तुडवायचं होतं. बटाटे पुन्हा गोठले होते, आणि त्या दिवशी पाणी काढलं नाही तर काळे पडणार होते. नाझारिया घागरा खोचून उभी होती, तोच एर्मिंदा माळाच्या कडेने आली. पाठीवर पोर, उजवा हात शालीत गुंडाळून छातीशी धरलेला. गालावर बोटं उमटली होती. माळावरच्या बायका पाहून न पाहिल्यासारखं करत खाली बघून पाय उचलत होत्या.

ती नाझारियापुढे येऊन उभी राहिली. "आज वाटते," म्हणाली. "मला खाली न्या."

नाझारियाने घागरा सोडला. ओल्याच पायांत चपला घातल्या. घरी जाऊन पेटी उघडली, कार्ड काढून सुनेच्या कमरेला बांधलं, नेलीची झोळी सोडून आपल्या पाठीला घेतली. सेलेदोनियो दारात बसून बघत होता. त्याने पाय बाजूला घेतला एवढंच, दोघी बाहेर पडल्या.

दगडी कुंपणापाशी वेनान्सिओने त्यांना गाठलं. पळत आला होता, धाप लागली होती.

"कुठं चाललात?"

"दवाखान्यात," नाझारिया म्हणाली.

"हाताला काय झालंय? पडली ती. विचार तिला. सांग गं, पडलीस ना?"

एर्मिंदाचा श्वास तोंडाने चालला होता.

ग्लिसेरियाबाईंनी सांगितलं होतं, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला चिडवायचं नाही, थांबायचं नाही. नाझारियाने सुनेला पुढे घातलं आणि आपण मागे राहिली. वाट एका माणसापुरतीच होती. वेनान्सिओला पुढे जायचं तर आईला ढकलून जावं लागलं असतं.

तो ढकलत नव्हता. मागून चालत होता आणि बोलत होता. आधी थट्टेने बोलला. "काय आई, परीक्षा आहे होय? सून दाखवली की पास करतात?" मग चिडून. चुन्यो काळा पडला तर गाव काय म्हणेल, सहा शनिवारांत कोण बाई तिच्या डोक्यात काय भरते, घरातलं धुणं तालुक्यात वाळत घालायला तिला लाज वाटत नाही. मग आवाज खाली आला. सकाळपासून पोटात काही नाही म्हणाला. पुन्हा हात उगारला तर हात झडेल म्हणाला. नेली उठली आणि आजीच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघून हसली. तो तिच्याशी लाडाचं बोलायला लागला, आणि बोलता बोलता रडायला लागला.

नाझारियाला त्याचं रडणं लहानपणापासून ओळखीचं होतं. आधी नाक ओढायचा, मग हुंदका. एकदा वळून त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, असं तिला इतकं वाटलं की तिने दोन्ही हातांनी झोळीची गाठ धरून ठेवली.

"आई, तू मला धरून देणार?"

"मी तिला दवाखान्यात नेते."

"मी तुझा आहे. ती परक्याची आहे."

ती चालत राहिली. ओढ्याच्या पुलाआधी एक दगड मागून येऊन तिच्या पोटरीला लागला. मोठा नव्हता. ती अडखळली, सावरली. "चल," ती पुढे पाहून सुनेला म्हणाली. पूल ओलांडल्यावर मागे पावलं वाजेनाशी झाली. तो कुठे बसला, का परतला, तिने पाहिलं नाही.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तिथून ग्लिसेरियाबाई त्यांना कचेरीत घेऊन गेल्या. टेबलामागच्या कारकुनाने एर्मिंदाचं सगळं ऐकून लिहून घेतलं, मग नाझारियाकडे वळला.

"सोबत कोण?"

"वायरापाताची कैवारीण."

"नातं काही?"

"सासू."

त्याने मान वर केली. "म्हणजे नवऱ्याकडून आलात?"

"नाही," ती म्हणाली. "सुनेच्या बाजूनं."

त्याने पुन्हा एकदा विचारलं, जणू लिहिताना चूक व्हायला नको. तिने पुन्हा तेच सांगितलं. अंगठा उठवताना तिला दिसलं, पोटरीवरचं रक्त चपलेपर्यंत ओघळून सुकलं होतं.

एर्मिंदा पोरीला घेऊन दुसऱ्या खोऱ्यात, आपल्या बहिणीकडे गेली. वेनान्सिओला तिच्या जवळ जायला बंदी झाली. त्याच्या तारखा सुरू झाल्या. नाझारियाच्या घरचा अर्धा चुन्यो काळा पडला. तो कळपातल्या लामा जनावरांनीही खाल्ला नाही.

जुलैच्या गावसभेत एकजण उठला. जिला स्वतःचं घर सांभाळता येत नाही ती गावाच्या बायांना काय सांभाळणार, म्हणाला. दुसरी कुणी निवडा. तोरिबिओने वहीवर पेन टेकवलं आणि विचारलं, दुसरी कोण जाते. बायका सूत कातत राहिल्या. नाझारियाला वाटत होतं, कुणीतरी हात वर करावा. तिला खरोखर दमायला झालं होतं, गुडघे शनिवारचे रविवारीही दुखत होते. तोरिबिओने थोडा वेळ वाट पाहिली आणि वही मिटली.

शेवटच्या शनिवारी शिकणं संपल्यावर ग्लिसेरियाबाईंनी प्रत्येकीला निळं जाकीट आणि एक कागद दिला. सगळ्या गेल्या तरी नाझारिया थांबली.

"बाई, पोराच्या आईनं काय करायचं, ते राहिलं शिकवायचं."

ग्लिसेरियाबाई खाकी कागद गुंडाळत होत्या. गुंडाळी हातात धरून त्या उभ्या राहिल्या. "ते मलाही कुणी शिकवलं नाही," म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वेनान्सिओ आला. पाच आठवडे तो खाली खडी फोडायच्या कामावर होता. गालफडं बसली होती, हाताला फोड होते. सेलेदोनियोने त्याला आपल्या शेजारी मेंढीच्या कातड्यावर बसवलं. नाझारियाने बटाट्याचा आणि ओल्या शेंगांचा रस्सा वाडग्यात वाढून त्याच्यापुढे ठेवला. तो खाली मान घालून जेवला. चुलीमागे खायला पाळलेली गिनीपिगं चीं चीं करत होती.

"कुठंय ती?" त्याने विचारलं.

"माहितीये मला."

"मग सांग."

"सांगणार नाही."

"नुसतं नेलीला लांबून बघेन."

"तारखेला साहेबांना विचार. ते सांगतील तसं बघ."

वेनान्सिओ वाडग्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. बोटाला चिरा पडल्या होत्या. नाझारियाचं लक्ष दाराकडे होतं. तो चढणीवर दिसला तेव्हाच तिने वाटेतलं स्टूल उचलून बाजूला ठेवलं होतं, वेळ पडली तर बाहेर पडता यावं म्हणून. पोराच्या समोर बसताना असं काही करावं लागेल हे तिला कधी वाटलं नव्हतं.

"तू माझी आई राहिली नाहीस," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता.

"आहे," ती म्हणाली.

तो तसाच बसून राहिला. मग त्याने वाडगं पुढे केलं. तिने डाव घातला, तळातला घट्ट रस्सा त्याला वाढला, आणि तो जेवेस्तोवर स्वतःच्या आणि दाराच्या मधली वाट मोकळी ठेवून उभी राहिली.